दोघांनी रचलेला ढीग

मंजू लग्न होऊन मध्य प्रदेशातल्या बालाघाटात आली तेव्हा त्या घरात बोलण्याची एक रीत होती. सासूसासऱ्यांसमोर सुनेनं नवऱ्याशी बोलायचं नाही, नवऱ्यानं तिला हाक मारायची नाही. काही सांगायचंच असलं तर मधे कुणीतरी लागे. सासू, दारात आलेलं एखादं पोर, कुणीच नसलं तर भिंत. "पाणी तापलं म्हणावं," असं मंजू चुलीकडे बघत म्हणे आणि सुखराम टॉवेल घेऊन उठे. "आज उशीर होईन म्हणा," असं सुखराम पायातल्या चपलेला सांगे आणि मंजू त्याचं ताट झाकून ठेवी.

ही रीत कुणी धाक दाखवून लादलेली नव्हती. सासरे बाबूलाल तापट नव्हते, सासू अंजनाबाई खाष्ट नव्हती. त्या दोघांनी स्वतःचा संसार असाच काढला होता, इतकंच. नवरा-बायको चारचौघांत बोलताना दिसले की त्यांना कुणीतरी उघडं पडल्यासारखं वाटे आणि ते मान फिरवून घेत.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत बाबूलालची खाट, मधल्या दाराला पडदा, मागे स्वयंपाक आणि तिथंच मंजू-सुखरामचं अंथरूण. बाबूलालला दमा होता. पडद्याआड कुजबुज सुरू झाली की पलीकडचा खोकला थांबे. म्हातारा ऐकत नसे, पण थांबलेला खोकला ऐकल्यासारखाच असतो. मग इकडची कुजबुजही थांबे.

सुखराम बालाघाट-बैहर गाडीवर कंडक्टर होता. खाजगी बस, तिचा पत्रा घाटात दातांसारखा वाजे. सकाळी पहिल्या गाडीला तो दाराला लटकून "उकवा, बैहर, चलो उकवा, बैहर" असा ओरडायचा तेव्हा त्याचा आवाज चौकापलीकडच्या किराणा दुकानात जायचा. सवाऱ्यांशी भांडण, बोकड गाडीत चढवणाऱ्याशी भांडण, भांडता भांडता हसणं. दिवसभर बोलून आलेला हा माणूस घराचा उंबरा ओलांडला की गप्प होई. मंजूला पहिलं वर्षभर वाटायचं, आपल्या वाट्याला नवऱ्याचा फक्त थकवा आला आहे. आवाज सगळा सवाऱ्यांनी नेला.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात बसचा काही सुटा भाग आणायला तो गोंदियाला गेला आणि येताना एक व्हिडिओ गेम घेऊन आला. त्या वर्षांत गोंदियाच्या बाजारात फुटपाथवर त्यांचे ढीगच्या ढीग असत. हातात मावेल एवढा, पिवळसर प्लास्टिकचा, खाली रबरी बटणं, वर राखाडी काच. वरून विटांचे तुकडे पडत, कुणी चौकोनी, कुणी वाकडे, कुणी लांब काडीसारखे. ते फिरवून, सरकवून खाली नीट बसवायचे. आडवी ओळ पुरी भरली की नाहीशी होई. ढीग वरपर्यंत पोचला की खेळ संपला.

"भाच्यासाठी आणला," असं त्यानं आईला सांगितलं. पण भाचा काही आला नाही आणि खेळ काही गेला नाही.

पहिल्यांदा चालू केला तेव्हा त्यातून पिपाणीसारखा सूर निघाला.

"काय वाजून राह्यलं रे?" बाबूलालनं खाटेवरून विचारलं.

"बसचा हॉर्न आहे बाबा. सुधरवाले आणला."

"घरात?"

"तिथं सवाऱ्या बसू देत नाही ना."

मागच्या खोलीत मंजूनं तोंडात पदर कोंबला. दुसऱ्या दिवशी सुखरामनं बसमधल्या औषधपेटीतली चिकटपट्टी आणून सूर निघायच्या भोकांवर लावली. सूर बंद झाला. खेळ चुलीमागच्या कोनाड्यात, हळदीच्या डब्यामागे राहू लागला.

त्या यंत्राची एक खुबी होती. डाव मधेच थांबवून बंद केला तरी जात नसे. परत चालू केलं की ढीग होता तसाच समोर येई, कोपऱ्यात एक खूण लुकलुकत राही, आणि एक बटण दाबलं की पुढची वीट पडू लागे. सुखरामनं एका संध्याकाळी डाव असाच अर्धा सोडला. दुसऱ्या दिवशी दुपारी, म्हातारा-म्हातारी झोपली असताना, मंजूनं तो चालू केला आणि पुढे खेळली. चार-पाच वाकड्या विटा कुठेही टाकल्या, घाबरली आणि बंद करून ठेवून दिला. संध्याकाळी सुखरामनं खेळ हातात घेतला, काचेकडे पाहिलं, मग चुलीकडे पाहिलं. मंजू पाठमोरी बसली होती. तिचे खांदे हसण्यानं हलत होते. तो मान खाली घालून तिनं केलेला पसारा आवरत बसला.

तिथून ते सुरू झालं. दोघांचा मिळून एकच डाव. दुपारी ती खेळे, संध्याकाळी तो. ढीग वर पोचून डाव संपला तर नवा सुरू होई, पण तोही दोघांचाच. हळूहळू त्या ढिगात घरातलं सगळं उमटायला लागलं. ज्या दिवशी कुणी मंजूला टाकून बोललं असेल, त्या दिवशी ती विटा लावतच नसे, नुसत्या पडू देई. सुखराम आला की गळ्यापर्यंत आलेला ढीग बघून त्याला कळे. तो पाणी पिण्याच्या निमित्तानं मागे येऊन बसे आणि एकेक ओळ करत ढीग खाली उतरवे. मंजू पोळ्या लाटता लाटता त्याच्या अंगठ्यांकडे बघे. दुसऱ्या दुपारी तिनं चालू केलं की काचेच्या तळाशी जेमतेम दोन ओळी आणि वर सगळं मोकळं आकाश असे. कुणी पाठीवरून हात फिरवावा तसं तिला वाटे.

माहेर उकव्याला होतं. वर्षातून एक-दोनदा ती जाई आणि जायची ती सुखरामच्याच बसनं. बसमध्ये रीत लागू नव्हती.

"टिकट घ्या बाई, टिकट," सुखराम तिच्या बाकासमोर येऊन उभा राही.

"माझा मालक भरन," मंजू खिडकीबाहेर बघत म्हणे.

"कोन तुमचा मालक?"

"आहे एक. दिवसभर बोंबलते अन् घरी आला का मुका होते."

पुढून ड्रायव्हर मोतीलाल ओरडे, "अरे सुखराम, भाभी का टिकट काटा कि नहीं? सेठ चेकिंग में आ गया तो मैं नहीं बचाऊँगा!"

"काटतो भाऊ, काटतो. सवारी भांडखोर आहे."

घाट सुरू झाला, उभ्या सवाऱ्या बसल्या, की तो तिच्या बाकाच्या टोकाला टेके.

"परवा एवढा ढीग काहून केलता?"

"तुमच्या मायनं चार बायांसमोर म्हटलं का इच्या हातच्या वरणाले चव नाही."

"म्हनून मले गळ्यापर्यंत विटा?"

"मंग कोनाले दाखवू? भिंतीले?"

"नाही, मलेच दाखव. पन थोडी जागा ठेवत जाय वं. उतरवता उतरवता दम लागते."

"दम कायचा लागते! तुमी लांब काडीची वाट पाहत बसता. एक बाजू रिकामी ठेवता अन् बसता नुसते."

"येते ना पन काडी."

"येते तवा येते. तोवर बाकी सगळं भरून जाते ना डोक्यापर्यंत."

"मंग तू आहेस ना," सुखराम म्हणाला, आणि घाटात कुणीतरी बस थांबवायला शिट्टी वाजवली म्हणून उठून गेला.

एवढंच बोलणं. पण ते मंजूला पुढचे कितीतरी महिने पुरे.

लग्नाला तिसरं वर्ष लागलं तरी पाळणा हलला नव्हता. एका दुपारी लामत्याहून अंजनाबाईची चुलतबहीण आली. पुढच्या खोलीत दोघी बोलत होत्या. "दुसरी पाहाले काय हरकत आहे?" असं पाहुणी म्हणाली. अंजनाबाई काय म्हणते याची मंजू पडद्याआड वाट बघत राहिली. अंजनाबाई काहीच म्हणाली नाही. तेवढ्यावर विषय संपला, चहा झाला, पाहुणी गेली. मंजूनं कोनाड्यातून खेळ काढला आणि विटा पडू दिल्या. वाकडी, चौकोनी, लांब, जशी येईल तशी. वर जेमतेम जागा राहिली तेव्हा तिनं डाव थांबवला.

त्या संध्याकाळी सुखराम बसमधून उतरला तो मोतीलालच्या खांद्यावर हात टाकून. दात वाजत होते. दसरा नुकताच झाला होता आणि बैहरच्या जंगलपट्टीत त्या वर्षी ताप घरोघर होता. दुसऱ्या दिवशी त्याला इस्पितळात हलवलं. डॉक्टर म्हणाले, ताप डोक्यात चढला आहे, पण औषध सुरू केलं आहे, बघू.

दुपारी तो शुद्धीवर आला. खाटेशेजारी स्टुलावर बाबूलाल होता, पायाशी मंजू. अंजनाबाई घरी पेज करायला गेली होती.

"आणला का?" सुखरामनं विचारलं.

त्यानं मंजूकडे बघून विचारलं होतं. बापासमोर, सरळ. तिनं पिशवीतून खेळ काढून त्याच्या हातात दिला. त्यानं चालू केला आणि बराच वेळ काचेकडे बघत राहिला.

"कोन काय बोललं तुले?"

"कोनी नाही."

"एवढा ढीग, अन् कोनी नाही?"

बाबूलाल उठला. धोतराचा सोगा सावरत, कुणाकडेही न बघता बाहेर व्हरांड्यात गेला आणि तिथं खोकत उभा राहिला.

सुखराम खेळू लागला. अंगठे जड झाले होते. कधी वीट चुकीच्या जागी पडे, कधी पडून गेल्यावर तो बटण दाबे. तरी त्यानं दोन-तीन ओळी काढल्या. मंजू खाटेच्या कडेला बसून बघत होती. थांबा म्हणावं असं तिच्या मनात आलं, आणि थांबू नये असंही. मग नर्स सलाईन लावायला आली, हात सरळ करा म्हणाली. सुखरामनं डाव थांबवून खेळ मंजूकडे दिला.

"बाकीचं उद्या काढतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं कुणाला ओळखलं नाही. दुपार कलताना तो गेला.

दिवस झाले. उकव्याहून मंजूचा भाऊ तिला न्यायला आला. "चाल घरी. इथं काय राह्यलं तुहं?" असं त्यानं अंगणात उभं राहून विचारलं. मंजू म्हणाली, "इथंच बरं आहे." भावाला ते कळलं नाही. अंजनाबाई मात्र पुढच्या खोलीत रडायला लागली. पुढे कुणीतरी शब्द टाकून मंजूला अंगणवाडीत मदतनीस म्हणून लावलं. मुलांची खिचडी शिजवायची, हात धुवायचे, सांडलेलं उचलायचं. घरात आता रीत पाळायची गरज उरली नव्हती. ज्याच्याशी बोलायचं नाही असा माणूसच नव्हता. तिघंही एकमेकांशी मोकळेपणी बोलू शकत होती. तरी घर पूर्वीपेक्षा गप्प झालं.

खेळ कोनाड्यात होता. मंजू त्यावर खेळली नाही. अधूनमधून, म्हातारी झोपलेली असताना, ती चालू करे. थांबवलेला ढीग समोर येई. कोपऱ्यात खूण लुकलुके. खालच्या विटा तिनं रागानं टाकलेल्या, वरच्या त्यानं तापात लावलेल्या, आणि मधे कुठेतरी अशा काही की ज्या कुणाच्या ते तिलाही सांगता आलं नसतं. ती बघे आणि बंद करे.

या खेळाचं एक विचित्र आहे. जे नीट लागलं ते नाहीसं होतं. दिसत राहतं ते फक्त चुकलेलं. दोन वर्षांत त्या दोघांनी मिळून किती ओळी पुऱ्या केल्या असतील, त्यांचा मागमूस त्या काचेवर नव्हता. होती ती फट, तो वाकडा तुकडा, ते राहून गेलेलं भोक. बाकीचं उद्या काढायचं होतं. जगात सुखरामनं हातानं केलेलं आणि अजून तसंच असलेलं एवढंच होतं. त्याचे शर्ट धुतले गेले होते, तिकिटांची पेटी दुसऱ्याच्या गळ्यात गेली होती.

उन्हाळ्यात काचेवरच्या विटा पुसट व्हायला लागल्या. मंजू चौकातल्या हिरालालच्या दुकानात गेली. घड्याळं, टॉर्च, सेल असं तो विकायचा.

"भैया, गेमचे सेल बदलले तर आधीचा डाव राहते का?"

"कौन सा गेम? ईंटवाला?" हिरालाल हसला. "नहीं भाभी. सेल निकाला कि सब साफ. फिर नए सिरे से खेलो, उसमें क्या है!"

ती सेल न घेता परत आली. चालू करणं तिनं कमी केलं. महिन्यातून एखादी वेळ. मग तेही नाही. बघितलं तर लवकर संपेल, आणि नाही बघितलं तरी संपणारच होतं, हे तिला कळत होतं. खेळून टाकावा का, आपल्याच हातानं, असंही एकदा तिच्या मनात आलं. बटणावर अंगठा ठेवून ती बसून राहिली. पुढची वीट पडली की ती त्याच्या विटांवर पडणार. तिनं अंगठा काढून घेतला.

पोळा आला. घरात सुतकाचं वर्ष, सण नव्हता. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो आणि पोरं कुणाच्या घरी सुतक आहे हे बघत नाहीत. लाकडी बैल सजवून, चाकांवर ओढत ती दारोदार येतात. बैलाला ओवाळायचं आणि पोराच्या हातावर काहीतरी ठेवायचं, त्याला आमच्याकडे बोजारा म्हणतात. दारी आलेला बैल रिकामा परत पाठवत नाहीत, आणि दिलेला बोजारा कधी परत मागत नाहीत.

ओवाळणीच्या वेळी विधवेनं समोर असू नये, म्हणून मंजू मागच्या अंगणात कपडे धूत बसली होती. कुणी तिला जा म्हटलं नव्हतं. पुढच्या दारी लाकडी चाकांची खडखड आली. एका मुलीचा आवाज आला. सिंचाई ऑफिसातल्या यशोधन साहेबांची अबोली. सरकारी क्वार्टरमध्ये, दोन गल्ल्या पलीकडे राहायची, आठेक वर्षांची.

"आजी, माझा बैल बघा! शिंगांना मी स्वतः बेगड लावली."

"अगं माय, किती साजरा आहे! थांब, ओवाळतो त्याले." मग बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग अंजनाबाईचा आवाज, "थांब वं बाई, जाऊ नको. तुले आज चांगला बोजारा देतो."

मंजू चादर पिळत होती.

संध्याकाळी वरणाला हळद घालायला तिनं कोनाड्यात हात घातला. डबा हाताला लागला. डब्यामागे काही नव्हतं.

"माय, इथं ते होतं..."

"ते भाच्याचं खेळणं? देल्लं मी त्या अबोलीले." अंजनाबाईचा चेहरा कितीतरी महिन्यांनी उजळला होता. "दरसाल माहा सुखराम लायना होता तवा बैल घेऊन फिरे. यंदा त्याच्या नावानं आपल्या घरून काय देल्लं असतं? मुरमुरे? मंग ते ध्यानात आलं. बंदच पडलं होतं, बटन दाबलं तर काही दिसे नाही. पन पोरीनं काय उडी मारली वं! उडीच मारली!"

मंजू चिमूटभर हळद हातात घेऊन उभी होती.

"काय झालं?"

"काही नाही."

पुढच्या खोलीतून बाबूलालचा आवाज आला. "बोजारा परत मागाचा नसते बाई." मग खोकला. मग, हळू, "पन जा. पाहून ये."

ती गेली. गल्लीत बैलांच्या गळ्यातून पडलेले झेंडूचे तुकडे होते. पायात चप्पल नाही हे तिला क्वार्टरच्या फाटकाशी कळलं. तिला परत मागायचं नव्हतं. एकदा चालू करून, तो ढीग होता तसा आहे एवढं बघायचं होतं. मग पोरगी खेळली तरी चालेल, असं ती रस्ताभर स्वतःला सांगत होती. ते खोटं होतं, पण चालायला उपयोगी पडलं.

व्हरांड्यात दिवा होता. अबोली पायरीवर बसली होती, दोन्ही अंगठे चालू. चिकटपट्टी काढून टाकलेली. यंत्र पिपाणी वाजवत होतं.

"या ना वहिनी," यशोधन उठून म्हणाले. सणाच्या दिवशी ती दारी आली म्हणून ते जरासे गडबडले, पण चांगले गृहस्थ होते. "अहो, आजींनी केवढी मोठी वस्तू दिली हिला! नाही म्हणायला हवं होतं, पण ही सोडते का!"

"चालते का?" मंजूनं विचारलं.

"म्हणजे काय, एकदम फर्स्ट क्लास. सेल गेले होते, बस. मी घरी आल्या आल्या नवे टाकले. पाहा, किती स्वच्छ दिसतंय आता."

त्यांनी अबोलीच्या हातातून खेळ घेऊन मंजूसमोर धरला. काच लख्ख होती. तळाशी चार-सहा विटा, अबोलीच्या.

"आधी," मंजू म्हणाली, "नवे टाकायच्या आधी काही दिसत होतं का?"

"कुठलं! अगदी पुसट, काहीतरी डागांसारखं. समजत नव्हतं."

"बाबा, द्या ना," अबोली म्हणाली. "काकू, तुम्हाला येतो का हा?"

"नाही," मंजू म्हणाली. "मले नाही येत."

आतून अबोलीची आई, ऋता, चहा घेऊन आली. मंजूनं तो उभ्यानंच घेतला. गरम होता, कशाचीही चव लागली नाही. कप नीट बशीत ठेवून ती निघाली. रस्त्यावर ती रडली नाही. रडायला निदान काय गेलं ते कुणाला सांगता यावं लागतं.

घरी अंजनाबाई दारातच उभी होती. "पोरगी खुश आहे ना?" तिनं विचारलं.

मंजूनं तिच्याकडे पाहिलं. या बाईनं मुलगा गेल्यापासून पोटभर जेवण केलं नव्हतं. आता एक शब्द बोललं की तिच्या हातून काय झालं ते तिला कळलं असतं, आणि ते तिनं मरेपर्यंत धरून ठेवलं असतं.

"हौ माय," मंजू म्हणाली. "लई खुश आहे."

अंजनाबाई त्या संध्याकाळी दोनदा भात मागून जेवली. बाबूलालनं ताटावरून मान वर केली नाही.

तो पुढे दोन हिवाळे काढून गेला. त्यानं मंजूला कधी काही विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. घरात ते दोघांनाच ठाऊक होतं आणि मग एकटीला. अंजनाबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. येईल त्याला ती सुखरामच्या बोजाऱ्याची गोष्ट सांगे. आयुष्यात आपण केलेली चांगली गोष्ट विचारली असती तर तिनं तीच सांगितली असती. मंजू दरवेळी शेजारी बसून ऐके.

चौकात मोबाईलची दुकानं झाली. बैहरच्या बसमध्ये पोरं मान खाली घालून फोनवर खेळू लागली. गोंदियाच्या फुटपाथवरचे ते पिवळे, लाल, निळे ढीग कुठे गेले कुणास ठाऊक.

दोन हजार नऊच्या जूनमध्ये अबोली भेटायला आली. शिकायला नागपूरला चालली होती. उंच झाली होती, मराठी बोलता बोलता हिंदीत घसरत होती. पर्समधून तिनं खेळ काढला. कडा घासून पांढऱ्या झालेल्या, एक बटण उडालेलं.

"काकू, पहचाना? अजून चालतो. मी होस्टेलवर नेणार आहे. फोनमध्ये पन्नास गेम आहेत, पण हा कुणाच्या हातात पडला की परत मिळत नाही. बाबा अजून भांडतात माझ्याशी. काय असतं हो ह्याच्यात? जीतता तो कभी कोई नहीं."

मंजूनं सूप मांडीवर घेतलं होतं, तुरीची डाळ निवडत होती. ती नुसती हसली.

"काका कसे खेळायचे हो?" अबोलीनं विचारलं. "खूप छान खेळत असतील ना?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मंजूचे हात थांबले. सांगायला किती होतं. तो एक बाजू रिकामी ठेवून कसा बसायचा, जीभ कशी दातांत धरायचा, ढीग उतरवून झाला की खेळ कोनाड्यात ठेवताना डब्याला मुद्दाम कशी टिचकी मारायचा.

"त्याले कुठं येत होतं ते!" खाटेवरून अंजनाबाई म्हणाली. आंधळे डोळे छताकडे लावून, कौतुकानं. "भाच्यासाठी आणलं होतं त्यानं. स्वतः हात नाही लावला कधी. नवंकोरं होतं, तसंच तुले देल्लं. हौ ना वं मंजू?"

अबोली मंजूकडे बघत होती.

"हौ," मंजू म्हणाली. "हात नाही लावला."

अबोली दोघींच्या पाया पडून गेली. फाटकाबाहेर तिच्या स्कुटीचा आवाज दूर गेला. दुपार होती. अंजनाबाईला डुलकी लागली.

मंजूनं सुपातली डाळ एका बाजूला सारली. मोकळ्या जागेत तिनं दाणे मांडायला घेतले. तळाची ओळ, मधे एक फट. तिच्यावर दुसरी, डावीकडे दोन दाणे कमी. तिसऱ्या ओळीत एक वाकडा तुकडा होता, तो तिचा, पक्का आठवत होता. त्याच्यावर सुखरामनं काय ठेवलं होतं? चौकोन. नाही, चौकोन त्यानं फिरवायचा प्रयत्न केला होता, तापात, आणि मग तो कुठे पडला? तिनं एक दाणा उचलला, इकडे ठेवला, तिकडे ठेवला. मग त्याच्या खालचीच ओळ चुकली असं वाटायला लागलं. तिनं ती मोडून परत मांडली. आता तळाचीही खात्री वाटेना.

"मंजू," अंजनाबाई जागी होऊन म्हणाली, "डाळ निवडून झाली का वं?"

"होऊन राह्यली, माय," मंजू म्हणाली, आणि हातानं सगळे दाणे एकत्र करून सुपानं पाखडू लागली.